‘अगं, मागं बघ!’

लग्न होऊन राजुरीत आले तेव्हा नाटक आपल्यापुरतं संपलं, असं मी धरून चालले होते. कॉलेजात असताना पुण्याला भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकासाठी दोनदा उभी राहिले होते, तेवढीच पुंजी. पुढे शाळेची नोकरी, घर, गोठा, मुलं. आळेफाटा सोडून नगरच्या रस्त्याला लागलं की बेल्ह्याच्या अलीकडे आमचं गाव. कांदा, ऊस आणि दूध यांत माणसं दिवसभर गुंतलेली. २०१३ च्या गणपतीत इथल्या हौशी पोरांनी शेखर ताम्हाणे यांचं ‘सविता दामोदर परांजपे’ बसवायचं ठरवलं आणि कुसुमचं काम माझ्याकडे आलं. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी पात्रं, आणि एका बाईच्या अंगात दुसरीच कोणी बोलायला लागते. १९८० च्या दशकात हे काम रीमा लागू यांनी केलं होतं. माझ्या वाट्याला तीन प्रयोग आले. दोन गावात, एक स्पर्धेत. त्या तीन रात्री समोर बसलेल्या माणसांनी जे दाखवलं ते अजून डोक्यातून जात नाही. आठवेल तसं लिहिते.

१.
प्रेक्षक चिडीचूप बसला म्हणजे नाटक रंगलं, हा माझा समज राजुरीनं पहिल्याच रात्री मोडला. आम्ही एक प्रवेश असा बसवला होता. मी अगदी पुढे, आरशासमोर बसून वेणी घालतेय. आरसा म्हणजे नुसती लाकडी चौकट, तिच्यातून प्रेक्षकांना माझा चेहरा दिसायचा. आणि मागचं दार आवाज न करता हळूहळू उघडतं. तालमीत दिग्दर्शक सांगायचा, “इथं टाचणी पडली तरी ऐकू आली पाहिजे.” दार उघडलं आणि सतरंजीवर बसलेल्या बायकांमधून एक खणखणीत आवाज आला, “अगं, मागं बघ! पोरी, मागं बघ!” पाठोपाठ आणखी चार-पाच जणी. माझ्या हातातला पेड सुटला. वाटलं, गेला प्रयोग.

पण तो आवाज टिंगलीचा नव्हता. चौकटीतून मला ओरडणाऱ्या आजी दिसत होत्या. गुडघ्यांवर उठून त्यांनी माझ्याकडे हात केला होता, विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या पोराला मागे ओढावं तसा. नारायणगाव आमच्यापासून पाऊण तासावर. विठाबाईंचं गाव, तमाशाची पंढरी. वगात सोंगाड्या प्रेक्षकाला बोलतो, प्रेक्षक त्याला उलट बोलतो. कीर्तनात बुवा विचारतात आणि अख्खा मांडव उत्तर देतो. समोर चाललेल्या गोष्टीत आपण काही करू शकत नाही, हे या बायकांना कोणी कधी सांगितलेलंच नाही. ते मला सांगितलं होतं, पुण्याच्या अंधाऱ्या सभागृहानं.

मी वळले नाही, वळायचं नव्हतंच. पण त्यानंतरचे काही क्षण माझ्या मानेवर खरोखर काटा आला होता. महिनाभराच्या तालमींत तो एकदाही आला नव्हता.

२.
भिववणारा आवाज कुठला, हे त्या गावाला विचारल्याशिवाय ठरवू नये. आमच्या साउंडवाल्या पोरानं वातावरणासाठी कुत्रं विव्हळल्याचा आवाज भरून आणला होता, भुताच्या सिनेमात असतो तसा. पहिल्या अंकाच्या शेवटी तो लागला आणि मांडवाच्या मागच्या बाजूला एकदम धावपळ झाली. पंधरा-वीस माणसं उठली, बॅटऱ्या पेटल्या, कोणीतरी मोटारसायकलला किक मारली. विंगेत मला वाटलं, भांडण लागलं.

जुन्नर तालुक्यात बिबटे उसात राहतात. उसातच पिल्लं होतात, तोडणीच्या वेळी सापडतात. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. रात्री कुत्रं तसं विव्हळलं की इथं त्याचा अर्थ एकच, उठा आणि गोठ्याकडे बघा. नाटकाला आलेली निम्मी माणसं मळ्यात राहणारी, शेळ्या-कालवडी मागे ठेवून आलेली. अर्ध्या तासानं परतलेल्यांपैकी एकजण दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “बाई, भुताचं काय बी करा, पण कुत्रं नका वरडवू. कुत्र्याचं आम्ही खरं धरतो.”

त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. महिनाभर आम्ही ‘भीती कशी निर्माण करायची’ यावर बोलत बसलो होतो आणि भीती तर त्या माणसांनी घरून आणलेलीच होती, रोजची, हातात काठी-बॅटरी घेऊन चालणारी. नवव्या दिवशी प्रयोग परत झाला तेव्हा तो आवाज काढून टाकला. त्याच्या जागी काय घालावं यावर बराच खल झाला. शेवटी काहीच घातलं नाही.

३.
नाटकातला सगळ्यात जास्त ताणाचा क्षण लेखकानं लिहिला नव्हता, आम्ही बसवला नव्हता. तो वीज मंडळ आणि पावसानं मिळून दिला. दुसऱ्या अंकात कुसुमचा आवाज पहिल्यांदा पूर्ण पालटतो. तिथं मी श्वास घेतला आणि लाइट गेले. मांडवाच्या पत्र्यावर पाऊस तडतडत होता. अंधारात कोणी हललं नाही. नंतर कळलं, लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला होता. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागत होता. मी थांबले असते तर सगळंच विस्कटलं असतं, म्हणून त्या अंधारातच बोलायला लागले. तालमीत ठरवलेला घोगरा आवाज पावसात पोचेना, मग खालच्या पट्टीत, एकेक शब्द सुटा करून. पहिल्या ओळीतल्या कोणीतरी मोबाइलची बॅटरी माझ्या पायांवर धरली. मग दुसऱ्यानं. मग दहा-बारा उजेड झाले, सगळे पायांवर. चेहऱ्यावर एकानंही धरला नाही.

का धरला नाही, हे मी नंतर चौघा-पाच जणांना विचारलं. एका मुलानं, तेव्हा तो बारावीत होता, खाली बघत सांगितलं, “चेहरा दुसऱ्याच कुणाचा निघाला असता तर?”

लाइट आले तेव्हा मला वाईट वाटलं.

४.
घाबरलेला माणूस हसतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मागे उभी असलेली तरुण पोरं नेमकी नको तिथं फसकन हसली आणि मी घरी येऊन रडले. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या म्हणाल्या, “बाळंतिणीच्या खोलीबाहेर पुरुषमाणसं कशी हसतात, बघितलंयस ना?” बघितलं होतं.

५.
गुपित फुटलं की रहस्यनाट्य मेलं, असंही मी मानत होते. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ १९५२ पासून चालू आहे, खंड पडला तो फक्त करोनात. तिथं प्रयोग संपल्यावर कलाकार प्रेक्षकांना विनवतात, की खुनी कोण ते बाहेर कोणाला सांगू नका. कुठंतरी हे वाचलेलं आमच्या दिग्दर्शकाच्या मनात होतं, म्हणून आम्हीही हात जोडून तसं सांगितलं. सकाळी सहा वाजता माझा नवरा डेअरीवर दूध घालायला गेला तर रांगेत नाटकाचा शेवट चालू होता, हातवाऱ्यांसह. नऊ वाजता शाळेत पोरांना माहीत. दुपारपर्यंत बेल्ह्यात.

नवव्या दिवशी मांडव पहिल्यापेक्षा जास्त भरला. ज्यांनी पाहिलं होतं त्या बायका माहेरी आलेल्या लेकींना, नणंदांना घेऊन आल्या होत्या. पडद्याच्या फटीतून मी बघत होते. त्या जागा आधीच सांगत होत्या, “आता बघ हां, आता ती येईल.” सांगून झाल्यावर स्वतःच पदर तोंडात धरत होत्या. ज्या गावात हरिश्चंद्राचा वग माणसं दहा वेळा बघतात आणि दहाही वेळा तारामतीसाठी रडतात, तिथं शेवट माहीत असण्यानं काय बिघडणार होतं? ‘पुढे काय’ची ओढ एकदाच असते. ‘आता होईल, आता होईल’ ही धाकधूक मात्र माहीत असलेल्यालाच जास्त असते. रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या कोणालाही विचारा.

तरीही या नाटकाचा शेवट मी इथं लिहिणार नाही. तो लेखकाचा ठेवा आहे आणि तुमच्यापैकी कोणाच्या गावात ते उद्या होणारही असेल.

६.
हे लिहिताना अजून हात थबकतो.

आमच्या तालमी चालू असताना, २० ऑगस्टला, पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा गोळ्या घालून खून झाला. त्या संध्याकाळी तालीम झाली नाही. आम्ही सगळे देवळाच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. अंगात येण्याचं नाटक आत्ताच करायचं का? माझं मत होतं, करायचं नाही. दिग्दर्शक म्हणाला, नाटक हे नाटक आहे. शेवटी असं ठरलं की प्रयोगाआधी मंडळानं माइकवरून सांगायचं, की ही कल्पना आहे, आजारी माणसाला डॉक्टरकडे न्या. तसं सांगितलं गेलं. वर्गणीदारांची नावं आणि ‘वाहनं बाजूला लावा’ यांच्यामध्ये, पावसात. कोणी ऐकलं नाही.

प्रयोग रविवारी झाला. सोमवारी मधल्या सुट्टीत शाळेच्या व्हरांड्यात एक बाई आपल्या सुनेला घेऊन उभ्या. दुसऱ्या वस्तीवरच्या, माझी ओळख नाही. सून तेवीस-चोवीसची असेल. एका हाताच्या नखानं दुसऱ्या हाताचं नख खरवडत होती. सासू म्हणाली, “बाई, हिला बी अशाच कळा येत्यात. दातखीळ बसती. तुमच्या अंगातलं कुणी उतरवलं, तेवढा पत्ता द्या.”

मी सांगितलं, मावशी, ते नाटक होतं, खरं नव्हतं.

त्या म्हणाल्या, “नाटक तर होतंच की. पण ठावं असल्याबिगर कुणाला असं करता येतं का?”

मी कॉलेजापासून ज्या कौतुकाची वाट बघत होते ते हेच, शब्दाशब्दानं हेच. आणि ते ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. माझं काम चांगलं झालं होतं, त्यामुळे ही मुलगी आता कोणाच्या तरी पुढ्यात केस सोडून बसवली जाणार होती. मिरचीची धुरी मी लहानपणी शेजारच्या घरात पाहिली आहे. त्या वासानं आम्ही पोरं गल्लीच्या टोकापर्यंत खोकत पळालो होतो, आणि जिच्यासाठी ती धुरी होती ती बाई आतच होती. त्याच ऑगस्टमध्ये जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत पहिलाच मुद्दा आहे तो भूत उतरवण्याच्या नावाखाली केलेल्या मारहाणीचा, आणि तिथं ही धुरी नाव घेऊन लिहिलेली आहे. ते वाचलं तेव्हा मला त्या गल्लीतला ठसका परत लागला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघींना घेऊन डॉक्टरकडे गेले. काय निघालं ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. औषधं सुरू झाली, एवढं सांगते.

मंगळवारी दुसऱ्या प्रयोगाच्या आधी मी मेकअप न करता, रोजच्या साडीत पडद्यासमोर आले. कोणाचं नाव न घेता व्हरांड्यातला प्रसंग सांगितला. पुढचे दोन तास मी जे करणार ते पाठ केलेलं आहे, हेही सांगितलं, आणि अंगात आल्यावरचा आवाज तिथंच, उजेडात, काढून दाखवला. दिग्दर्शकाला वाटत होतं की आता ताण संपला. तो संपला नाही. दुसऱ्या अंकात तोच आवाज आला तेव्हा तीच माणसं तशीच आक्रसली. प्रयोगानंतर दोघी-तिघींनी डॉक्टरचा पत्ता विचारला.

प्रेक्षकांत एक प्राध्यापक होते, चळवळीशी जवळीक असलेले. त्यांना हे पुरेसं वाटलं नाही. “तुम्ही आधी दहा मिनिटं विवेक सांगता आणि नंतर दोन तास त्याच्या उलट अनुभव देता,” असं ते म्हणाले. मी वाद घातला. नाटकात माणसाला भीतीकडे सुरक्षितपणे बघता येतं वगैरे, जे मला तेव्हा सुचलं ते बोलले. आज इतक्या वर्षांनी सांगते, त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. २०१८ मध्ये त्याच नाटकावरचा, जॉन अब्राहमनं निर्मिती केलेला मराठी सिनेमा आला. गावातली पोरं “बाई, तुमचा पिक्चर आला” म्हणत घरी आली, तेव्हाही मला आधी व्हरांड्यातली ती नखं आठवली.

७.
छापून आलेली दाद आणि खरी दाद वेगळ्या ठिकाणी मिळतात. एका दैनिकाच्या वार्ताहरानं आमच्या प्रयोगावर आठ ओळी दिल्या. सहा ओळींत मान्यवर, दोन ओळींत आम्ही, ‘कलाकारांनी उपस्थितांची मने जिंकली.’ ते कात्रण मी जपलं आहे. पण तोच माणूस दुसऱ्या दिवशी चहाला आला तेव्हा म्हणाला, “मी मागं चप्पलांजवळ उभा होतो. दुसऱ्या अंकात एकही माणूस लघवीला उठला नाही. गावात हे कधी बघितलं नव्हतं.” हे का नाही छापलं, म्हणून विचारलं तर तो ओशाळला. बातमीत असं लिहीत नाहीत, म्हणाला. माझ्या मते नाटकावरचं ते त्या वर्षीचं सगळ्यात नेमकं वाक्य होतं.

८.
परीक्षकाचं एक म्हणणं खोटं निघालं म्हणून दुसरंही खोटं ठरत नाही, हे पचवायला मला दोन वर्षं लागली. त्या हिवाळ्यात आम्ही एका स्पर्धेत गेलो. बंद सभागृह, तीस-चाळीस प्रेक्षक, त्यातले निम्मे पुढच्या संघातले. मधल्या रांगेत परीक्षकांचं टेबल, त्यावर एक छोटा दिवा. स्टेजवरून त्या अंधारात तेवढंच दिसतं. दिव्याखालचे हात, कागद, पेन. आरशाचा प्रवेश आला. दार उघडलं. कोणी ओरडलं नाही. मी चौकटीतून बघत होते ते पेनाकडे, आणि ते लिहीत होतं. राजुरीत मानेवर आलेला काटा इथं आला नाही. कुसुम तिथं नव्हतीच, गुण मोजणारी एक शिक्षिका बसली होती.

नंतर परीक्षकांपैकी एकानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, विषय कालबाह्य आहे, अंगात येणं वगैरे आजच्या प्रेक्षकाला पटत नाही. दोन, तुम्ही सतत वरच्या पट्टीत बोलता, त्यामुळे ताण बसायच्या आधीच फाटतो, आणि रीमा लागूंची नक्कल करायचा मोह टाळा.

रीमाताईंना मी त्या कामात कधीच पाहिलं नव्हतं, आणि कालबाह्य म्हणाल तर माझ्या शाळेच्या व्हरांड्यात ते तीन महिन्यांपूर्वी उभं होतं. त्या रागात मी त्या गृहस्थांचं सगळंच झटकून टाकलं. परतीच्या टेम्पोत, सेटच्या फळ्यांवर बसून, आळेफाट्यापर्यंत मी एकटीच बोलत होते. पण वरच्या पट्टीचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. गावात पाऊस, पत्रा, रडणारी पोरं या सगळ्यांवरून मला आवाज फेकावा लागला होता आणि तीच फेक मी बंद खोलीत नेली होती. लाइट गेल्यावर अंधारात मी आपोआप खाली उतरले होते, आणि तो प्रयोगातला सगळ्यात चांगला भाग होता. म्हणजे उत्तर मला आधीच मिळालेलं होतं. ते मी ऐकलं नाही कारण ते परक्या माणसाच्या तोंडून आलं.

९.
मूळ नाटक कुठलं, हे शोधणं हाही एक रसिकपणाच आहे. पूर्वी मला तो कोतेपणा वाटायचा. समीक्षक माधव मनोहर यांची ख्याती होती की मराठी नाटकामागचं परदेशी नाटक ते ओळखून सांगत. रहस्यनाट्यांच्या बाबतीत तर हे शोधायला भरपूर वाव आहे. विजय केंकरे यांनी केलेलं ‘अ परफेक्ट मर्डर’ हे फ्रेडरिक नॉट यांच्या ‘डायल एम फॉर मर्डर’वरून नीरज शिरवईकर यांनी मराठीत आणलेलं, आणि त्यावर हिचकॉकचा १९५४ चा सिनेमा आहे हे कित्येकांना ठाऊक. ते पाहताना माझ्या मागे एक गृहस्थ पत्नीला हळू आवाजात दोन्हींतले फरक सांगत होते. पंधरा मिनिटांनी त्यांचा आवाज बंद झाला. मी मुद्दाम वळून पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

१०.
माणूस थिएटरात तिकिटाबरोबर आणखी काय घेऊन येतो, ते कळायला मध्यंतरात उभं राहावं. २०२२ मध्ये पुण्याला ‘३८ कृष्ण व्हिला’ पाहिलं. डॉ. श्वेता पेंडसे यांनी लिहिलेलं, दिग्दर्शन केंकरे यांचंच, आणि रंगमंचावर डॉ. गिरीश ओक आणि स्वतः श्वेता पेंडसे, दोघंच. एक नामवंत लेखक, आणि त्याचं लेखन त्याचं नाहीच असं म्हणणारी एक बाई. आवाज चढत नाही, कोणी मरत नाही, तरी पहिला अंक संपताना माझ्या तळहातात नखं रुतली होती. त्या परीक्षकांना मी तिथं बसल्या बसल्या मनोमन नमस्कार केला. खालची पट्टी म्हणजे काय ते मला समोर दिसत होतं.

मध्यंतरात बटाटावड्याच्या रांगेत जो तो शेवट ओळखण्यात गुंतला होता. “मला तर पहिल्या दहा मिनिटांतच कळलं,” असं तिघांनी तीन वेगवेगळे शेवट सांगून सांगितलं. शहरातला प्रेक्षक लेखकाशी शर्यत लावतो. माझ्या गावातला पात्राला वाचवायला धावतो. पूर्वी मी यातलं एक शहाणं आणि एक भाबडं ठरवून टाकलं असतं. पण माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाई रांगेतही माझ्यामागेच होत्या. साठीच्या असाव्यात. वडा हातात तसाच. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं, खरं कोण बोलतंय? त्या म्हणाल्या, “ते नाही बाई मला कळत. माझ्या हातचा मसाला वीस वर्षं जाऊबाईंच्या नावानं विकला जातोय. मी कधी बोलले नाही.” तिसरी घंटा झाली. दुसऱ्या अंकात मी अर्धा वेळ नाटक बघितलं आणि अर्धा वेळ त्यांच्याकडे. त्या एकदाही मागे टेकल्या नाहीत.

११.
आरशाच्या प्रवेशात ओरडलेल्या आजी मला मागच्या वर्षी दवाखान्याच्या बाहेर भेटल्या. नव्वदीच्या घरात आहेत, डोळ्यांना कमी दिसतं, नातवाच्या खांद्यावर हात. आवाजावरून मला ओळखलं. पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच त्या मीठ-मिरच्या घेऊन घरी आल्या होत्या, माझी दृष्ट काढायला, आणि मी शिकलेल्या बाईच्या तोऱ्यात नको म्हणत होते. आत्यांनी मला धरून पाटावर बसवलं होतं. आजींनी माझ्यावरून हात फिरवला तेव्हा तो थरथरत होता. त्या अजून घाबरलेल्या होत्या, आणि स्वतःसाठी नव्हे.

दवाखान्याच्या पायरीवर मला शेजारी बसवून त्यांनी विचारलं, “त्या दिशी मी एवढी वरडले. तू मागं का नाही बघितलंस गं?”

मी म्हटलं, “आजी, मला ऐकू आलं होतं.”

“मला वाटलंच,” त्या म्हणाल्या, आणि नातवाला माझ्याकडे बोट करून सांगू लागल्या, की हीच ती.